बुरुजाच्या बागेतले उपवर हिंदुराव

बागेत पाला रोज झाडावा लागतो. सकाळी झाडून ढीग लावावा, चहा पिऊन यावं, तोवर झाडाखाली पुन्हा तेवढाच पाला! आमच्या बागेतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगून संपवावा, तोवर दुसरा घडलेला असतो. नवरा विचारतो, "तू नोकरीला जातेस की नाटकाला?" मी म्हणते, नाटकाला तिकीट लागतं, इथे उलट पगार मिळतो!

बाग खाडीच्या काठावर आहे. नवी मुंबई वसायच्या कितीतरी आधीपासूनचा एक पडका बुरूज, त्याच्या पायथ्याशी एक जुनी तोफ, आणि या दोघांच्या भोवती नंतर आखलेली हिरवळ, फुलांचे ताटवे, कारंजं, जॉगिंग ट्रॅक. बुरूज कुणी बांधला यावर एकमत नाही. कुणी पोर्तुगीज म्हणतं, कुणी मराठे म्हणतं. शाळेच्या सहलीतल्या एका मुलीने आमच्या वॉचमनला, म्हणजे दामूला विचारलं, "काका, हा किल्ला कोणाचा?"

"सध्या कंत्राटदाराचा!" दामू म्हणाला.

मी इथली सुपरवायझर. गाव साताऱ्याकडचं, वडील मार्केटात माथाडी, पण मी जन्मले आणि वाढले कोपरखैरण्यात. माझे हेडमाळी हिंदुराव. तेही साताऱ्याकडचे, पण ते थेट गावाहून आलेले, त्यामुळे त्यांची भाषा अजून घाटावरच आहे. माणूस सोन्यासारखा. हाताला गुण असा की वाळकी काडी रोवली तरी पालवते. पण चाळिशी ओलांडली तरी लग्न जमेना. 'माळी' आणि 'कंत्राटी' हे दोन शब्द ऐकले की मुलीकडचे फोन ठेवायचे.

आणि नोकरी कुठे, तर या बागेत! इथे प्रत्येक बाकावर एक जोडपं. एका संध्याकाळी पाइप गुंडाळता गुंडाळता हिंदुराव म्हणाले, "मॅडम, कुलूप लावायचं आपुनच आन घरी जाऊन काढायचंबी आपुनच. लई कंटाळा आलाय बगा."

एवढंच बोलले आणि पाइप घेऊन गेले. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून हिंदुरावांचं लग्न हे अख्ख्या स्टाफचं काम झालं.

*

पहिला पुढाकार घेतला बारकूबायने. बारकूबाय आमच्याकडे निंदणीला असते. बागेला लागूनच तिचं गाव आहे, खाडीवरचं, जुन्या मासेमारांचं. बुरुजाखालची तोफ ही त्या गावाची देवी, तोफाबाय. तिला शेंदूर फासलेला असतो आणि गावात कुणाचंही लग्न ठरलं की पहिली पत्रिका तिच्यापुढे ठेवायची, हा रिवाज आहे.

एकदा हेरिटेज वॉकवाले आले. त्यांचा गाइड हातवारे करून सांगत होता, "या तोफेचा मारा थेट खाडीपलीकडे जात असे. कित्येक शत्रूंचा हिने..."

बारकूबाय खुरपं टाकून उठली. "का बोलतंस रं? आमची बाय कदी कोनाला लागली नाय!"

तर या बारकूबायने हिंदुरावांचा बायोडेटा माझ्याकडून प्रिंट करून घेतला, त्याला हळदकुंकू लावलं आणि तोफेवर ठेवून वर दगड ठेवला.

मी म्हटलं, "अगं, इथे लग्न ठरल्यावर पत्रिका ठेवतात ना? हा नुसता बायोडेटा आहे."

"चालतंय. तिला कुटं वाचता येतंय!"

आणि खरं सांगते, आठवडाभरात कोपरखैरण्याहून स्थळ आलं! दामू तोफेकडे बघून हात जोडत म्हणाला, "मॅडम, मारा अजून जातोय!"

*

मुलीकडचे म्हणाले, मुलगा बागेतच बघू, रविवारी. आम्ही तयारीला लागलो. छत्रीखालचं बाक पुसलं. बारकूबायने पोहे आणले, दामूने चहाचा थर्मास आणला. मी हिंदुरावांना बजावलं होतं, युनिफॉर्म नको, शर्ट-पँट घाला. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. गळ्यातली शिट्टी मात्र शर्टाच्या आत तशीच राहिली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या नोकरीत शिट्टी म्हणजे दागिनाच. त्यातून त्याच आठवड्यात समोर नवी हिरवळ लावलेली. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी कुणी वाचत नाही, म्हणून दिवसभर शिट्ट्या मारून हिंदुरावांचे गाल दुखत होते.

बोलणी छान चालली. मुलीच्या वडिलांनी गाव विचारलं, पाहुण्यांची नावं विचारली, ओळखी निघाल्या. मुलगी खाली बघून हसली. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात मुलीची आई उठली. "किती गार वाटतंय इथं," असं म्हणत तिने चपला काढल्या आणि नव्या हिरवळीवर एक पाय ठेवला.

कर्रर्रर्र!

बुरुजावरचे सगळे कावळे उडाले. जॉगिंग ट्रॅकवरचे लोक जागच्या जागी थांबले. हिंदुराव बाकावर उभे राहून ओरडत होते, "ओ बाई! खाली व्हा! पाटी दिसत न्हाई का?" बिचारी होणारी सासू एक पाय वर धरून तशीच उभी!

पोहे अर्धे टाकून मंडळी निघाली. गेटपाशी मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. "मुलगा कामाचा आहे, शंका नाही. पण दिवाळीला घरी आला, तर आम्हाला आमच्या फरशीवर पाय ठेवू देईल का?"

*

दुसरं स्थळ तर बघायच्या आधीच गेलं, आणि त्यात हिंदुरावांची तसूभरही चूक नव्हती.

आमच्याकडे सकाळी कारंज्यापाशी हास्यक्लब जमतो. सगळे रिटायर्ड. हात वर करून, पोट हलवून, पद्धतशीर हसतात. त्या दिवशी त्यांची हाताची हालचाल चालू होती, आणि हिंदुराव शेजारच्या ताटव्यात गुलाब छाटत होते. फोन वाजला. पलीकडे मुलीचे काका. हिंदुरावांना कारंज्याच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

काका जड आवाजात म्हणाले, "पाहुणं, रविवारी येऊ नका. आमच्या म्हाताऱ्या आई रात्री गेल्या."

आणि हास्यक्लबच्या लीडरने हात वर केले. "एक, दोन, तीन!"

"हा हा हा हा हा!"

हिंदुराव फोन पोटाशी धरून धावत सुटले, पण धावले ते नेमके क्लबच्या मधूनच! काका नुसते "हॅलो? हॅलो?" करत होते. अखेर बुरुजामागे पोचून हिंदुरावांनी फोन कानाला लावला आणि धापा टाकत म्हणाले, "लई वाईट झालं हो."

"वाईट झालं?" काका म्हणाले. "ते तुमच्याकडच्या मंडळींना पण सांगा!"

क्लबच्या लीडरना हे कळलं तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं. सगळा क्लब हिंदुरावांची माफी मागायला आला. हिंदुराव त्यांनाच समजावत बसले, "तुमी कशाला मनाला लावून घेताय? हसा, हसा." ते काही हसू शकले नाहीत. त्या दिवशी क्लब लवकर सुटला.

*

आता झाडाच्या पुतळ्याचा किस्सा. वरून ऑर्डर आली की गेटजवळची मेंदीची झाडं कापून त्यांचा फ्लेमिंगो करा. खाडीत फ्लेमिंगो येतात, म्हणून बागेतही हवा. खाडीतल्या फ्लेमिंगोला काय, काडीसारखे पाय असतात. मेंदीला ते कुठून आणायचे? हिंदुरावांनी डोकं लढवलं आणि बसलेला फ्लेमिंगो करायला घेतला. बसवला छान, पण चोच एवढी जाड झाली की लोक अंदाज बांधायला लागले. पोरं म्हणायची डायनासोर. एक आजोबा रोज थांबून म्हणायचे, "गणपती सुरेख झालाय, फक्त सोंड डावीकडे हवी होती."

त्याच सुमारास तिसरं स्थळ आलं. शिट्टीच्या प्रकारानंतर मी हिंदुरावांना ताकीद दिली होती, "पाहुण्यांना नाही म्हणायचं नाही. वाद नाही, ओरडणं नाही. ते म्हणतील त्याला हो."

शिट्टी मी माझ्या पर्समध्ये ठेवली होती. मंडळी गेटमधून आली आणि पहिली गाठ फ्लेमिंगोशीच पडली.

मुलीचे वडील म्हणाले, "वा! उंट केलाय वाटतं."

"व्हय, उंटच," हिंदुराव म्हणाले.

मुलीची आई म्हणाली, "उंट कुठे? किटली आहे ती."

"किटलीच हाय," हिंदुराव म्हणाले.

मुलगी महाप्यातल्या एका कंपनीत कामाला होती, हुशार वाटत होती. ती त्या झाडाभोवती एक चक्कर मारून आली आणि हळूच म्हणाली, "मला वाटतं हा फ्लेमिंगो आहे."

मला उडीच मारावीशी वाटली! एवढ्या दिवसांत बरोबर ओळखणारी ही पहिलीच! हिंदुरावांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते मुलीकडे बघून म्हणाले, "तुमी म्हनाल ते!"

दुसऱ्या दिवशी नकार आला. मुलीचा निरोप होता की माणूस चांगला आहे, पण त्याला स्वतःचं मत नाही.

*

यानंतर हिंदुराव गप्प झाले. "ऱ्हाऊ द्या मॅडम, माजं काय अडलंय," असं म्हणायला लागले. आम्हीही विषय काढायचं टाळायला लागलो. आणि अशात एका सकाळी हिंदुरावांची आई गावाहून थेट गेटवर! काखेत एक जिवंत कोंबडी, हातातल्या पिशवीत हिरवी साडी आणि नारळ.

झालं होतं असं. आदल्या दिवशी बागेत एक प्री-वेडिंग शूट होतं. नवरी तयार, फोटोग्राफर तयार, नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलेला. ऊन उतरायला लागलं. फोटोग्राफर रडकुंडीला आला. त्याला नुसता उजेड तपासायला अंगापिंडाने साधारण तसाच कुणीतरी हवा होता. त्याने हिंदुरावांना नवऱ्याची शेरवानी चढवली, फेटा बांधला आणि तोफेपाशी नवरीच्या शेजारी उभं केलं. गुलाबी धूर सोडला. काय दिसत होते हिंदुराव! बारकूबायने लांबूनच कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली.

दामूला राहवलं नाही. त्याने फोटो काढून स्टेटसला टाकला, वर दोन बदाम. मार्केटातल्या कुणा गाववाल्याने तो बघितला आणि संध्याकाळपर्यंत गावात पेढे मागणारे दारात!

म्हातारी मिळेल ती एसटी पकडून निघाली होती. रात्रभर बसून आलेली, पण चेहऱ्यावर नुसता आनंद. गेटवर दामूला म्हणाली, "बाबा, म्या हिंदुरावची आई. माजी सून कुटं हाय? ओटी भरायचीय."

दामूला कोणाबद्दल विचारतेय तेच कळेना. तिने मोबाईलवरचा फोटो दाखवला. दामू खुश होऊन म्हणाला, "ती होय! ती काल दुसऱ्याबरोबर गेली ना!"

म्हातारी तिथेच मटकन खाली बसली. कोंबडी सुटली आणि गुलाबाच्या ताटव्यात शिरली. म्हातारीला उचलायचं की कोंबडी धरायची, याचा हिंदुरावांना निर्णय होईना.

खरं काय ते कळल्यावर मावशींनी, म्हणजे हिंदुरावांच्या आईने, साडी परत पिशवीत घातली. पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. मग म्हणाल्या, "आता आलेच हाय, तर सून बगूनच जाईन." आणि मुलाच्या खोलीवर मुक्काम ठोकला. रोज सकाळी त्या मुलाबरोबर बागेत यायच्या आणि सावलीत बसून वाती वळायच्या. बूट घालून झपाझप चालणाऱ्या बायका बघून एकदा मला म्हणाल्या, "ह्या एवढ्या पळत्यात, आन परत हितंच येत्यात. कुनी वाट दावत न्हाई व्हय यास्नी?"

*

आमच्या बागेला रोपं पुरवायची ती मंदा. मूळची शिरवण्याची. नर्सरी तिची स्वतःची, द्रोणागिरीकडे गोदामांच्या मागे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. टेम्पो स्वतः चालवायची आणि रिव्हर्स घेताना गेटच्या खांबाला रोज नवा ओरखडा काढायची. आमच्याशी ठरलेलं असं की लावलेलं रोप लगेच मेलं, तर तिने दुसरं स्वतः आणून द्यायचं.

आणि तिची रोपं मरायची फार! हिंदुराव फोन करायचे, "मंदाबाई, तुमचा मोगरा गेला." की दुसऱ्या दिवशी टेम्पो हजर. मग दोघांची जुंपायची.

"तुजा पानी खारा हाय!"

"पानी ग्वाड हाय. तुमची रोपंच नाजूक."

"रोपांना हात लावायला पन येवाला पायजे!"

"आवो, चाळीस... म्हंजे जल्म गेला माजा झाडांत!"

चालायला येणारे लोक तेवढ्यासाठी वेग कमी करायचे. बारकूबाय म्हणायची, "यांचा सुरू झाला का मी चाय ठेवतंय. उकलेपर्यंत संपतंय."

पण मला काळजी लागली. इतर नर्सरीची रोपं जगत होती, मंदाचीच तेवढी जात होती. कधी अनंत, कधी जास्वंद, कधी तगर. मी एक दिवस हिंदुरावांना म्हटलं, "बास झालं. आता नर्सरी बदलू या."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "नगं मॅडम! रोपं मरत्यात, पर बाई चांगली हाय."

"बाई चांगली असून काय करू? मेलेली रोपं कुठायत? मला दाखवा."

"पुरली."

"रोपं पुरतात?"

"खत हुतंय," हिंदुराव म्हणाले आणि पाइप घेऊन गेले.

मग मी मंदाला फोन केला. म्हटलं, उद्याची खेप शेवटची, यापुढे दुसऱ्याकडून घेऊ. मला वाटलं, ही आता मला फाडून खाणार. पण ती भांडलीच नाही. "बरा," म्हणाली आणि फोन ठेवला. मला उगीचच चुकल्यासारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. ओरखडा न काढता आत आला, तेव्हाच दामू म्हणाला, "मॅडम, काहीतरी बिनसलंय." मंदा गुपचूप रोपं उतरवायला लागली. हिंदुराव गुपचूप घ्यायला लागले. बारकूबायने सवयीने चहा ठेवला, तो उकळून आटत आला तरी दोघांचा आवाज नाही. दोघांचेही चेहरे असे, की मला बघवेना.

तेवढ्यात बुरुजामागून मावशी आल्या. ओचा मोगऱ्याने भरलेला. तिकडे खाडीच्या बाजूला कुणी जात नाही, कारण 'साप आहेत' अशी पाटी हिंदुरावांनीच लावलेली. मावशींना वाचता येत नव्हतं. देवाला फुलं हवीत म्हणून गेल्या होत्या.

"मॅडम, माज्या पोराची बाग बगितली का? ही पुढची न्हवं. मागची."

हिंदुरावांच्या हातातली कुंडी खाली पडली.

आम्ही सगळे बुरुजामागे गेलो. आणि बघतच राहिलो! भिंतीच्या कडेने नीट आळी केलेली, वरून गोणपाटाची सावली, आणि रांगेत मोगरा, अनंत, जास्वंद, तगर. हिरवीगार, फुलांनी वाकलेली. प्रत्येकाच्या बुंध्याला मंदाच्या नर्सरीची लाल फीत! मेली म्हणून सांगितलेली सगळीच्या सगळी रोपं तिथे मजेत होती.

मी हिंदुरावांकडे बघितलं. ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

आता स्फोट होणार म्हणून दामू दोन पावलं मागे सरला. मंदा रांगेच्या कडेने सावकाश चालत गेली. एकेका रोपाला हात लावत गेली. शेवटच्या मोगऱ्याशी उकिडवी बसली आणि पानं उलटून बघितली.

"पानी कोन घालतंय यांना?"

"म्या," हिंदुराव म्हणाले.

"रोज?"

"रोज."

"यातला एक पन नाय मेला?"

"न्हाई," हिंदुराव मान खाली घालून म्हणाले. "मेलं म्हटल्याबिगर तुमी आला नसता."

मंदा उठली. कानांपर्यंत लाल झाली होती. पदर खोचला, सोडला, परत खोचला. मग एवढ्या बारीक आवाजात बोलली, की ती मंदाच आहे यावर आमचा विश्वास बसेना.

"पन ही जगली कशी रं? मी तं मरतील अशीच बगून आनत होते!"